गाव पुरं लिहा

कागदावर मी ‘ता. कर्ज.’ एवढंच लिहिलं होतं. आमच्या अव्वल कारकुनांनी तो कागद माझ्यापुढून उचलला, डोळ्यांजवळ धरला, दुमडला, पुन्हा दुमडला आणि तोंडात घालून चावायला सुरुवात केली.

खालापूरच्या कचेरीतला तो माझा दुसरा दिवस. मी तिशी गाठलेला, दोन मुलींचा बाप, पेणहून बदलून आलेला. मला वाटलं, या माणसाला आकडी आली. मी उठून उभा राहिलो. पण बाकीचे कारकून माना खाली घालून लिहीत होते, आणि शिपाई तर पाण्याचा तांब्या घेऊन आलाच. म्हणजे हे नेहमीचं होतं! अव्वल कारकुनांनी वरून घोटभर पाणी घेतलं, उपरण्याने ओठ टिपले आणि अगदी शांतपणे मला म्हणाले, “एक ‘त’ तुम्ही गिळलात. उरलेलं मी गिळलं. आता पुन्हा लिहा. हा तालुका कोणाचं कर्ज नव्हे.”

घरी जाऊन बायकोला सांगितलं तर तिने दुसऱ्या दिवशी कुलदेवतेला नारळ फोडला.

हा माणूस तसा दिसायला काहीच विशेष नव्हता. बुटका, गव्हाळ, लाल पागोट्याखाली कान झाकलेले. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. सगळं वेड एका ठिकाणी साठलं होतं: गावाचं नाव. कचेरीत आम्ही त्यांना रावसाहेब म्हणत असू, पण खालापूर पेट्यातल्या, म्हणजे कर्जत तालुक्याच्या त्या पोटभागातल्या, लोकांनी त्यांना ‘अख्खेगाव’ असं नाव ठेवलं होतं. कोणी अर्ज घेऊन आला की हे विचारायचे, “कुठून आलात?” तो म्हणायचा, “कडावास्नं.” हे गप्प बसायचे. तो गोंधळायचा. मग शिपाई मागून सांगायचा, “अख्खं सांग.” मग तो बिचारा देवापुढे म्हणावं तसं म्हणायचा, “मौजे कडाव, तालुका कर्जत, जिल्हा ठाणं.” तेव्हा कुठे यांचा चेहरा फुलायचा. “या, बसा.”

नंतर सरकारने कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्याला जोडला. त्या वर्षी तर ते मला खरोखरच वेडे वाटले. पाठ केलेलं ‘ठाणं’ लोकांच्या जिभेवरून जाईना, आणि हे त्यांना बसायला सांगेनात. आम्ही कारकूनसुद्धा सवयीने ‘जि. ठा.’ लिहून जायचो. किती कागद त्यांच्या पोटात गेले असतील, देव जाणे.

एकदा मी धीर करून म्हणालो, “रावसाहेब, वरच्या कचेरीतले लोकसुद्धा नावं तोडतात. वेळ वाचतो.”

ते म्हणाले, “कोणाचा?”

मग त्यांनी लेखणी खाली ठेवली. “हे बघा, तालुक्याला ‘ता.’ लिहा, जिल्ह्याला ‘जि.’ लिहा, मौजेला ‘मौ.’ लिहा. ती पदं आहेत, सगळ्या गावांना सारखीच. त्यांना तोडल्याने कोणी हरवत नाही. पण नाव त्या गावाचं एकट्याचं असतं, ते तोडायचं नाही. तक्त्यात जागा नसते हे मला कबूल. तिथे तोडा, पण तक्त्याच्या माथ्यावर लिहा की कशाला काय म्हटलंय. लांब कागदात पहिल्यांदा सगळं लिहा, मग ‘सदर गाव’ म्हणा, मी हू की चू करणार नाही. आणि जो कागद कचेरीच्या उंबऱ्याबाहेर जायचा, त्यावर काहीही तोडायचं नाही. पदंसुद्धा नाहीत. बाहेर आपण समजावून सांगायला नसतो.”

“आणि खुर्द, बुद्रुक?”

“ते नावच आहे. शेपूट समजू नका.”

ऐकायला हे ठीक होतं. पण त्यापायी हा माणूस काय काय करील याचा भरवसा नव्हता. नगर जिल्ह्यातही एक कर्जत आहे. ऐन आषाढात, आमच्या कचेरीचं छप्पर गळत असताना, तिकडचा एक लखोटा चुकून आमच्याकडे आला. वर नुसतं ‘कर्जत’. आत हुकूम, की गुरांसाठी चारा नाही तर ताबडतोब छावणी उघडा. आम्ही हसून लोळलो. ते हसले नाहीत. त्यांनी रजा टाकली, तो लखोटा छातीशी बांधला आणि भर पावसात घाट चढून, पुढे गाडीने आणि बैलगाडीने तिकडच्या कर्जताला स्वतः नेऊन दिला. टपालाने का नाही पाठवला, असं मामलेदारांनी ओरडून विचारलं. हे म्हणाले, “एकदा चुकलाय. तिकडे गुरं उभी आहेत.”

हाच माणूस दुसऱ्या बाजूने केवढा निर्दय! भिसेगावच्या लोकांनी विहिरीच्या दुरुस्तीचा अर्ज केला, त्यात ‘भि.गाव’ लिहिलं होतं. यांनी तो परत पाठवला. पुन्हा आला, आता तालुका नव्हता. पुन्हा परत. असा चार वेळा. चौथ्या वेळी पाटील कचेरीच्या पायरीवर बसून रडायला लागला. “बायका ओढ्याचं पानी पित्यात वो, रावसाहेब!” मला वाटलं, आता तरी हा माणूस विरघळेल. यांनी त्याला आत बोलावलं, शेजारी बसवलं, त्याच्या हाताने अर्ज पुरा लिहून घेतला आणि त्याच दिवशी वर पाठवला. विहीर झाली. पण चार महिने बायका ओढ्याचं पाणी प्याल्या, त्याचं काय? मी ते त्यांना कधीच माफ केलं नव्हतं. माझी एक मुलगी त्याच सुमारास पोटाच्या विकाराने आजारी होती, म्हणूनही असेल.

मग मुंबईत गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ आली.

गाड्या भरभरून लोक पळून येऊ लागले. कर्जत स्टेशनाच्या पलीकडे तट्ट्यांच्या झोपड्यांची छावणी उभी राहिली. घाटावर जाणारी प्रत्येक गाडी थांबवायची, उतारूंना खाली उतरवायचं, डॉक्टरने बगला तपासायच्या, ज्याला ताप असेल त्याला झोपडीत ठेवायचं. त्यांची नोंदवही लिहायला आमच्या कचेरीतून अव्वल कारकुनांना पाठवलं, आणि हाताखाली मला. लोक भयाने अर्धमेले झालेले, मागून शिपाई ढकलतायत, आणि हे प्रत्येकाला विचारतायत, “मौजे? पेटा? तालुका?” लोक शिव्या द्यायचे. डॉक्टरसुद्धा एकदा त्यांच्या अंगावर ओरडले. हे तसेच लिहीत राहायचे.

एका दिवशी मामलेदारांनी त्यांना खालापूरला बोलावून घेतलं. वहीवर मी एकटा होतो. ऊन रणरणत होतं आणि एकापाठोपाठ दोन गाड्या आल्या. मी भराभर लिहीत सुटलो. मोकळा झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? कोणी समोर नव्हतं कागद खायला.

त्या दिवशी ठेवून घेतलेल्यांपैकी एक तिसऱ्या दिवशी सकाळी वारला. पाटलाला पत्र लिहायचं होतं म्हणून मी वही उघडली. ‘धाकू, कुणबी, मुंबईस गोदीत हमाल, सां.’ आणि पुढे एक अक्षर. सांडवली नावाची दोन गावं आहेत. मध्ये ओढा. अलीकडे सांडवली खुर्द, ती कर्जत तालुक्यात. पलीकडे सांडवली बुद्रुक, ती त्याच तालुक्याच्या खालापूर पेट्यात. ते अक्षर खु होतं की बु होतं? माझीच मोडी, माझीच लेखणी, आणि मला वाचता येईना. विचारणार कोणाला? मी थोडा वेळ बघितलं. मला ते खु वाटलं. मी पत्र लिहिलं, मौजे सांडवली खुर्द, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. त्या पत्रात मी एकही नाव तोडलं नाही. रावसाहेब खालापूरहून आदल्या दिवशीच परतले होते; त्या सकाळी ते कुठेतरी बाहेर गेले होते, आल्यावर त्यांनी पत्राची नक्कल वाचली आणि मान डोलावली.

त्यानंतर सतरा की अठरा दिवसांनी एक माणूस छावणीच्या दारात येऊन उभा राहिला. कपाळ फुटलेलं, रक्त वाळून भुवईवर चिकटलेलं, अंगभर कोळशाची काजळी.

“रावसायेब,” तो म्हणाला, “मी मेलो नाय. तेवडं लिवून द्या.”

रावसाहेबांनी विचारलं, “कुठून आलात?”

“सांडवलीस्नं. खुर्द. धाकू म्हनत्यात मला. छावनीत धरतील म्हनून मी आदीच उतरलो आनि पळसदरीच्या रानात कोळशाच्या भट्टीवर राहिलो. काल घरला गेलो तं पोरं भूत भूत करून पळाली. भावानंच धोंडा हानला. माझं तेरावं जेवलेत वो सगळं गाव! बायकोचं कपाळ पांढरं. ती दाराआडून रडते, पन भायेर येत नाय. सरकारचा कागद हाय म्हनतात, तवा सरकारनंच उलटा कागद द्यावा.”

रावसाहेबांनी त्याला पाणी दिलं, जखम पुसायला स्वतःचं उपरणं दिलं आणि बसून कागद लिहिला, की धाकू, राहणार मौजे सांडवली खुर्द, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, जिवंत आहे आणि आज माझ्यासमोर उभा राहून बोलला. सही केली. त्याने तो कागद दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि धावतच गेला.

मग त्यांनी वही ओढली. पान काढलं. बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

मी वहीवर वाकलो.

“वाचा.”

“सांडवली,” मी म्हणालो, आणि पुढचं अक्षर आता मला लख्ख दिसायला लागलं. ते बु होतं. इतकं स्वच्छ बु होतं की ते मला कधी खु वाटलंच कसं, हे मला आजही सांगता येत नाही.

मी वाट पाहत होतो की ते ओरडतील, निदान ते पान फाडून तोंडात घालतील. त्यांनी वही मिटली. ती काखेत मारली. “म्हणजे पलीकडे एक बाई अजून वाट बघतेय,” ते म्हणाले. “चला.”

वर पाठवायच्या खुलाशात त्यांनी काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. ‘चूक लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची’, आणि खाली आम्हा दोघांची नावं. ताशेरे दोघांनाही मिळाले. पण त्या दिवशी मला नोकरीची चिंता नव्हती. कर्जताहून सांडवली तीन कोस. आम्ही भर उन्हात चालत होतो आणि मला एवढंच कळत होतं की दर पावलाला ते गाव जवळ येतंय.

ओढा ओलांडताना मी हात जोडले. “रावसाहेब, आपण सांगा. माझ्याने होणार नाही.”

“अक्षर तुमचं,” ते म्हणाले. “तोंडही तुमचंच.”

बाईचं नाव भागू. तिचाही नवरा धाकू, आणि तोही मुंबईला गोदीत. ती शेतात राब भाजायच्या तयारीत होती. पुढच्या पेरणीसाठी जमिनीवर पालापाचोळा पसरत होती. दोन पागोटेवाले बांधावर बघून ती पदर सावरत पुढे आली. हसतच आली.

“तुमी खुर्दाला जायाचं आसाल. वाट चुकला, बाबा. वड्यापल्याड. चांगुनाच्या धाकूचं काम ना? आला तो! आमाला सकाळीच कळलं.”

ती बोलत राहिली. “चांगुना माझी म्हायारची. तुमचं पत्र आलं तवा मी पयली गेले. तिच्या बांगड्या दगडानं फोडनार हुते, मी नाय फोडू दिल्या. मी आपल्या हातानं उतरवल्या, तेल लावून. तीन दिस तिच्यासंगं निजले. आता तिला त्याच बांगड्या भरायला मीच जानार हाय.” तिने हातातला पाला खाली टाकला. मग तिच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल आलं, दुसरं काही नाही. “पन मंग, बाबा, मेला तो कोन? कुना बिचारीचा?”

रावसाहेबांनी वही माझ्या हातात दिली. मी वाचलं. नाव, जात, काम. मौजे सांडवली बुद्रुक, पेटा खालापूर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा.

“खुर्द,” ती म्हणाली. “नीट वाच रं. खुर्द आसल.”

“नाही बाई. बुद्रुक.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं किंचाळेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाली, “तवा खुर्द लिवलं हुतं ना तुमी? मंग आताबी खुर्दच लिवा. तिचं तं रडून झालंय.”

रावसाहेब त्या पाल्यात खाली बसले. कचेरीत भल्याभल्यांना उभं ठेवणारा माणूस, त्या कुणबिणीच्या शेतात मटकन खाली बसला.

मग तिने विचारलं, “कुठं जाळला त्याला?”

मला ठाऊक नव्हतं. वहीत ते लिहायची चाल नव्हती. छावणीतली प्रेतं हातगाडीवर घालून नदीकडे नेत, तिकडे डॉक्टरही जात नसत, आम्ही तर नाकाला फडकं लावून तोंड फिरवत असू. मी मान हलवणार, तेवढ्यात रावसाहेबांनी बाराबंदीतून एक लहान चोपडी काढली. ही चोपडी मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी पानं उलटली आणि वाचलं.

“मौजे सांडवलीचा धाकू. कर्जत कसब्याच्या उत्तरेस, उल्हास नदीचा डावा काठ. मोठ्या करंजाच्या झाडापासून पूर्वेला बावीस पावलं.”

“तुम्हाला काय ठाऊक?” मी विचारलं.

“मी बरोबर जातो,” ते म्हणाले.

प्रत्येकाबरोबर. गेले दोन महिने, प्रत्येक हातगाडीबरोबर हा माणूस नदीवर गेला होता. जातवाल्यांना कळतं तर त्यांनी वाळीत टाकलं असतं; तापाने गाठलं असतं तर तेही तिथेच जळले असते. मी शेजारी बसून रोज त्यांच्या दौतीत लेखणी बुडवली आणि मला याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मला भागूच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, आणि आता त्यांच्याकडेही बघवेना. ‘मौजे सांडवलीचा’ एवढंच त्यांनी चोपडीत लिहिलं होतं, आणि पुढे जागा मोकळी सोडली होती. वहीत मी काय लिहिलंय ते बघून भरू, असं त्यांनी ठरवलं असावं.

दुसऱ्या दिवशी भागू कर्जताला आली. बरोबर चांगुणा होती. दोघी तीन कोस एकमेकींचा हात धरून चालत आल्या होत्या. चांगुणाच्या कपाळावर कुंकू होतं, भागूचे हात मोकळे. आम्ही चौघं नदीकडे गेलो. रावसाहेबांनी करंजाला पाठ लावली, पावलं मोजत गेले आणि थांबले. जागा काळी होती. वाऱ्याने बरीचशी राख नेली होती.

“इथे,” ते म्हणाले. आणि त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात धरलं. पोक्त वयाचा ब्राह्मण, भर दुपारी, परक्या बायांसमोर बोडका उभा राहिला. बाप वारला की माणूस राहतो तसा.

भागू खाली बसली. तिने तळवा त्या जागेवर ठेवला. “त्याचं तोंड कुनी झाकलं?”

“मी,” रावसाहेब म्हणाले.

तिने मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली. “आनि तू लिवलंस ना त्याला? काय म्हनला तो?”

“गाव सांगितलं.”

“कसं सांगितलं?”

पत्र लिहिताना जे आठवलं नव्हतं ते आता आठवलं. दोन गाड्यांच्या गर्दीतलं ते सगळं समोर आलं. माझ्या टेबलाची कड धरून उभा राहिलेला तापलेला माणूस. मी विचारलं होतं, सांडवली का? आणि लिहायला लागलो होतो. त्याने माझं मनगट धरलं होतं.

“सांडवली बुद्रुक,” मी म्हणालो. “दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा अगदी सावकाश म्हणाला, मी चुकू नये म्हणून.”

चांगुणा पदरात तोंड खुपसून रडायला लागली. भागू रडली नाही.

“मंग आमचाच तो,” ती म्हणाली. “खुर्दाची लोकं नुसतं सांडवली म्हनतात.”

तिने त्या जागेची मूठभर माती उचलली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, आणि चांगुणाच्या खांद्याला धरून उठली.